दुसऱ्याच्या बाजूचे पान

समाजशास्त्र शिकवण्यात आयुष्य वेचलेल्या एका वृद्ध आचार्यांकडे एकदा त्यांचे दोन जुने शिष्य भांडतच आले. सुमेधा आणि अच्युत. दोघे मिळून शाळेसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होते आणि ‘एकत्र कुटुंब’ या प्रकरणावर गाडे असे अडले होते की पुस्तकच सोडून द्यावे, इथवर गोष्ट आली होती.

“सर, हा एकत्र कुटुंबाची नुसती आरती ओवाळतो,” सुमेधा म्हणाली.

“आणि हिला तिथे तुरुंगच दिसतो. निःपक्षपाती कोण, तुम्हीच सांगा,” अच्युत म्हणाला.

आचार्यांनी दोघांचेही लिखाण न वाचताच बाजूला ठेवले. “सुमेधा, अच्युतची बाजू तू लिही. अच्युत, तू हिची. ज्याची बाजू आहे तो ‘हे माझेच म्हणणे’ असे म्हणेपर्यंत माझ्याकडे येऊ नका.”

दोघे चक्रावले, पण सरांचा शब्द मोडवेना. व्हरांड्यात बसून सुमेधाने झरझर लिहिले. ते वाचून अच्युत दुखावला. “मी इतका बावळट आहे होय गं?”

ती ओशाळली. “मग सांग ना, तुला एवढं का वाटतं ते.”

अच्युत प्रथमच सांगू लागला. तो तान्हा असताना आई गेली. तीन काकूंनी त्याला असे वाढवले की त्यांतली आपली आई कोणती, हा प्रश्न त्याला कितीतरी वर्षे पडलाच नाही. मग सुमेधाने आपल्या आईचे सांगितले. आईला शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. सासऱ्यांनी ‘नको’ म्हटले आणि भरल्या घरात तिच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही.

संध्याकाळी दोघे नवी पाने घेऊन आत आले. अच्युतने लिहिलेले सुमेधाने वाचून दाखवले. “हे माझंच आहे, सर. माझ्यापेक्षा बरं लिहिलंय यानं. पण माझं मत अजून तेच आहे.”

“असू दे की!” आचार्य हसले. “मत नसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. न पटणारे मतही जो असे मांडतो की ते बाळगणाऱ्याला आपले वाटावे, तो निःपक्षपाती. तुमच्या वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतली मुले बसतील. या पुस्तकात आपल्या घराला जागाच नाही, असे त्यांतल्या एकालाही वाटू नये.”

“मग खरं काय, ते मुलांना कोण सांगणार?” अच्युतने विचारले.

“पुरावे समोर ठेवा. विचार करण्याचे काम थोडे त्यांच्याकडेही राहू द्या रे.”

पुस्तक पूर्ण झाले. त्यानंतरही त्या दोघांचे वाद चालूच राहिले, फक्त वादाला तोंड फुटण्याआधी त्यांतला एक जण हमखास विचारी, “थांब, तुझं म्हणणं मला नीट कळलंय ना?”