झाकण उघडायचं नाही

एका गावात एक भोळा माणूस होता. सुखदेव त्याचं नाव. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, एवढाच त्याच्यात दोष. माझं लग्न त्याच्याशीच झालं, म्हणून सगळं जवळून पाहिलं.

माहेरून मी दोन गोष्टी आणल्या. बी.ए.ची पदवी आणि टिकली नावाची कुत्री. पदवी ट्रंकेत गेली, टिकली पायाशी राहिली. मला भांडं पडलं तरी दचकायला होतं. टिकली जवळ असली की जरा कमी.

एका सकाळी टिकली अंगणात बसली आणि बूड घासत घासत थेट उंबऱ्यापर्यंत आली. सासूबाई हसल्या. मी यांना हाक मारली.

"अहो, हिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जा."

दवाखाना शेजारच्या गावात. हे पुढे निघाले, टिकली मागे. मटणाच्या दुकानापाशी टिकली थांबली. हे थांबले नाहीत.

"जनावर कुठंय?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

यांनी वळून बघितलं. "मागंच होती."

"अहो, जनावराच्या गळ्यात दोरी बांधावी. टोक घट्ट धरावं. चालत नसेल तर ओढून आणावं." लक्षण ऐकून मॅडमनी जंताच्या औषधाची बाटली दिली.

यांनी ध्यानात ठेवलं. बाटलीच्या गळ्यात दोरी बांधली, टोक घट्ट धरलं. बाटली चालेना. ओढून आणली. घरी फक्त गळा पोचला.

"अहो," मी म्हणाले, "असली वस्तू फडक्यात घट्ट गुंडाळावी, पिशवीत घालावी आणि पिशवीचं तोंड बांधून टाकावं."

"एवढंच ना? आधी सांगायचंस."

दुसरी बाटली मी स्वतः आणली. टिकलीचे जंत पडले. मग सासूबाईंची तांबडी कोंबडी पेंगायला लागली. यांना टिकलीचं काम सांगायची माझी छाती नव्हती, पण कोंबडी सासूबाईंची होती.

यांनी ध्यानात ठेवलं. कोंबडी फडक्यात घट्ट गुंडाळली, पिशवीत घातली, तोंडाला दोन गाठी मारल्या. दवाखान्यात पिशवी सोडली तर आत कोंबडी आहे की फडकं, कळेना. मॅडमनी दहा मिनिटं वारा घातला. कोंबडीनं डोळे उघडले आणि पहिली चोच मॅडमना मारली.

"सुखदेवराव, जीव आहे तो. भोकाभोकांच्या टोपलीतून आणावं. सगळीकडून वारा लागला पाहिजे."

"बरं."

घरी सासूबाई मला म्हणाल्या, "शिकलेली सून केली, म्हटलं घरात अक्कल येईल. तुझी आली गं, पण त्याला पुरेना."

पुढच्या महिन्यात टिकलीच्या रेबीजच्या लशीची वेळ झाली. दवाखान्यातली लस संपली होती. तालुक्याहून बर्फात ठेवून आणायची होती. सासूबाईंनी पुन्हा यांनाच धाडलं. यांनी ध्यानात ठेवलं. भोकाभोकांची टोपली घेतली. तळाला बर्फ, वर लस, टोपली डोक्यावर. दवाखान्यात पोचले तेव्हा डोकं गार होतं आणि लस गरम.

मॅडमनी टोपली उतरवून घेतली. मग म्हणाल्या, "नीट ऐका. बर्फातली वस्तू बंद डब्यात ठेवायची. झाकण घट्ट. दवाखान्यात पोचेपर्यंत उघडायचं नाही, कोणी कितीही विनवलं तरी. आणि एकदा उघडली की इथंच वापरायची. परत बंद करून घरी न्यायची नाही."

हे वाटभर पाठ म्हणत आले. दुसऱ्या दिवशी लस अगदी गारेगार पोचली. टिकलीला टोचून झाली. सगळं बिनचूक झालं. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

टिकली गाभण राहिली. दिवस भरले. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. तीन तास झाले, पिल्लू येईना. टिकली धापा टाकत माझ्याकडे बघत होती. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उशीर नको. मीच येते. पण स्कूटर पंक्चर आहे, गाडी पाठवा."

गावात दारात उभी असलेली एकच गाडी होती, दूध डेअरीची. मागे पत्र्याची जाड पेटी, आत बर्फाच्या लाद्या. चालवायला हे. मी देवाचं नाव घेतलं आणि पाठवलं.

गाडीत पुढच्या सीटवर दह्याचे क्रेट होते. टिकलीसाठी मॅडम बिचाऱ्या औषधांची बॅग घेऊन मागच्या पेटीत बर्फाशेजारी चढल्या. यांनी बर्फ बघितला. दार लावलं. वर कुलूप घातलं.

अर्ध्या तासात गाडी अंगणात आली. हे उतरले, हात झटकले. "आणल्या."

"मग उघडा ना दार."

"दवाखान्यात पोचल्याशिवाय उघडायचं नाही."

आतून धडाधड आवाज आला. मी दचकून भिंतीला टेकले. "अहो, उघडा हो," पेटीतून मॅडमचा आवाज आला.

"बघ," हे म्हणाले, "विनवतायत. कितीही विनवलं तरी नाही, असं सांगितलंय."

"अहो, कुणी सांगितलंय?"

"मॅडमनी."

"आत मॅडमच आहेत."

"म्हणून तर. ध्यानात आहे का, ते बघतायत."

"किल्ली द्या इकडे."

किल्ली खिशात गेली आणि हे गाडीत. गाडी वळली. मॅडम अंगणापर्यंत येऊन परत दवाखान्याकडे निघाल्या. उरला धुरळा, टिकली आणि मी.

मी फोन लावला. त्या जाड पत्र्यात रेंज कुठली. पुन्हा लावला. सासूबाईंनी टिकलीच्या पोटावरून हात फिरवला. "तुझा फोन चालू दे. आम्ही बायका बघतो." बाराव्या फोनला टिकलीनं मान वर केली, जोर काढला आणि पहिलं पिल्लू फडक्यावर आलं. ओलं, उंदराएवढं. ती चाटायला लागली. माझं बोट बटणावरून निघेना. नाळेचं काय करायचं, ते बी.ए.ला नव्हतं.

सतराव्या फोनला पलीकडून आवाज आला.

"हॅलो," मॅडम म्हणाल्या. दात वाजत होते त्यांचे. "आत्ता झाकण उघडलं. दवाखान्यात आहे मी."

"मॅडम, एक पिल्लू आलंय, दुसरं येतंय. त्यांना म्हणावं, तुम्हाला लगेच इकडे घेऊन या."

"म्हटलं मी."

"मग?"

"म्हणतात, एकदा उघडलेली परत बंद करून घरी न्यायची नाही."