टुणटुण्याचा गुळाचा डोळा

एक होता कागद. हिरवा हिरवा.
मनवाने तो दुमडला. उलटा दुमडला. पुन्हा दुमडला.
झाला बेडूक! नाव टुणटुण्या.

आता डोळे. आईच्या दोन काळ्या टिकल्या.
आई म्हणाली, "थांब, खळ शिजवते. खळीने चिकटव."
मनवा कुठली थांबते! तिने घेतला गूळ. चिकट चिकट गूळ!
एक टिकली इकडे, एक टिकली तिकडे. चप्प! चप्प!

आली मुंगी. तुरुतुरु तुरुतुरु.
गूळ दिसला. डोळा उचलला. आणि पळाली बिळात!

"अबब!" टुणटुण्या ओरडला. "माझा डोळा नेला!"
मनवाने पाहिलं. ओठ काढले. कोपऱ्यात जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.

टुणटुण्या निघाला. टुणुक टुणुक.
आरशावर आईची लाल टिकली.
"टिकली टिकली, डोळा हो.
एका डोळ्याने मनवा अर्धीच दिसते."
"नाही होणार! गुळाने मी चिकटत नाही. आधी खळ आण."
"अबब!" टुणटुण्याने केवढा आ वासला!

टुणुक टुणुक. डब्यात कणीक.
"कणीक कणीक, खळ हो.
खळ नाही, टिकली येत नाही.
टिकली नाही, डोळा नाही.
एका डोळ्याने मनवा अर्धीच दिसते."
"नाही होणार! मी कोरडी ठणठणीत. आधी पाणी आण."
"अबब!" उरलेला डोळा एवढ्ढा मोठ्ठा झाला.

टुणुक टुणुक. ओट्यावर माठ.
"माठा माठा, पाणी दे.
पाणी नाही, कणीक भिजत नाही.
खळ नाही, टिकली येत नाही.
टिकली नाही, डोळा नाही.
एका डोळ्याने मनवा अर्धीच दिसते."
"नाही देणार! पाणी काय हाताने काढतोस? आधी ओगराळं आण."
"अबब! अबब!"

टुणुक टुणुक. खुंटीवर ओगराळं.
"ओगराळ्या ओगराळ्या, खाली ये.
ओगराळं नाही, माठ देत नाही.
पाणी नाही, कणीक भिजत नाही.
खळ नाही, टिकली येत नाही.
टिकली नाही, डोळा नाही.
एका डोळ्याने मनवा अर्धीच दिसते."
"नाही येणार! मला उतरवणार कोण? आधी मनवाला आण."
"अबब! अबब! अबब!"

टुणुक टुणुक. कोपऱ्यात मनवा.
"मनवाताई मनवाताई, ऊठ ना.
तू नाही, ओगराळं उतरत नाही.
ओगराळं नाही, माठ देत नाही.
पाणी नाही, कणीक भिजत नाही.
खळ नाही, टिकली येत नाही.
टिकली नाही, डोळा नाही.
एका डोळ्याने मनवा अर्धीच दिसते."

"नाही उठणार! मला काही येतच नाही. माझा बेडूक मोडका. मोडका बेडूक कुठे उडतो?"

मोडका? टुणटुण्याला अबबसुद्धा म्हणता येईना!
तो मागे सरकला. पाय दुमडले.
टुणु...क! थेट मनवाच्या नाकावर!

"अबब!" आता कोण ओरडलं? मनवा!
"आई गं! उडाला! माझा बेडूक उडाला!"

मनवा उठली. स्टुलावर चढली.
ओगराळं उतरलं. खणणण्!
माठाने पाणी दिलं. बुडुक!
कणीक भिजली. थप थप!
आईने खळ शिजवली. रटरट रटरट!
मनवाने फुंकर घातली. फू फू फू! यावेळी थांबली हं मनवा.
टिकली आरशावरून निघाली. टुच्!
आणि चिकटली. चप्प!

एक डोळा काळा. एक डोळा लाल.
टुणटुण्याने दोन्ही उघडले.
समोर दोन गाल. दोन्ही गालांवर गूळ. मध्ये हसू, या कानापासून त्या कानापर्यंत.
"अबब!" टुणटुण्या म्हणाला. "अख्खी मनवा!"