राखलेला डोह

पूर्वी सोमवती नदीच्या तीरावर कंकपूर नगरात राजा दृढसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका कोळ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सुतीर. त्याचा शांत स्वभाव आणि नदीची जाण पाहून कोळीवाड्याने त्याला आपला नायक केले होते.

दर वर्षी नदी गढूळ होऊन फुगली की समुद्रातले रुपेरी मासे प्रवाहाच्या उलट पोहत वर येत. डोंगरातल्या थंड झऱ्यांत अंडी घालून ते परत जात. त्यांच्या मागोमाग शिंशुमार येत. शिंशुमार हा लांब तोंडाचा, जवळजवळ आंधळा असा जलचर. तो पाण्यात राहतो, पण श्वास घ्यायला वर येतो, आणि त्याची मादी पिलाला अंगावर पाजते. जुने कोळी होडीत गप्प बसून त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत. जिथे तो आवाज उठे तिथे मासा असे. तिथेच ते जाळे टाकीत, आणि मिळालेल्यातले मूठभर मासे शिंशुमारांसाठी परत पाण्यात सोडीत.

पुढे गोमिल नावाच्या व्यापाऱ्याने खारवलेला रुपेरी मासा दूरच्या बंदरांत पाठवायला सुरुवात केली. राजवाड्यातही त्या माशाच्या पंगती उठू लागल्या. मग या काठापासून त्या काठापर्यंत पुरतील अशी तागाची जाळी विणली गेली. कोळीवाड्यातल्या झोपड्यांवर कौले आली, बायकांच्या हातांत चांदी आली. पण मासा दर वर्षी थोडा थोडा कमी होत गेला.

सुतीर होडी घेऊन घोणडोहावर जाई. त्या खोल डोहात शिंशुमारांचे घर होते. पूर्वी तिथे पाणी सतत हलत असे. आता क्वचित एखादी पाठ वर येई, आणि तिच्या मानेमागे भुकेने खळगा पडलेला दिसे.

त्याने कोळीवाडा जमवून सांगितले, "पहिला लोंढा वर जाऊ द्या. अंडी घालू द्या. त्यानंतर जाळी टाका, तीही अर्ध्या नदीत. आणि घोणडोहात कुणीच टाकू नका."

तेव्हा त्याचा धाकटा भाऊ उपल याची बायको सामा पुढे आली. तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती.

"भावोजी, शिंशुमारांची पोरं तुम्हांला दिसतात," ती म्हणाली. "आमची दिसत नाहीत का? या वर्षी पहिला लोंढा सोडला, तर हिला मी काय पाजू?"

सुतीरने खाली पाहिले. "दिसतात, सामा. ही नदी रिकामी झाली तर ही मोठी होऊन काय खाईल, तेही दिसतं. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. पण माझ्या घरचं धान्य आजपासून सगळ्यांचं."

त्याने आपले मोठे जाळे सर्वांसमोर मधोमध कापले. लोकांनी कुरकुरत का होईना, त्याचे म्हणणे मानले. तो हंगाम कठीण गेला. सुतीरच्या घरात कण्या शिजत, आणि त्याही वाटून खाल्ल्या जात. सामाच्या अंगावरचे दूध आटले. मुलीचे रडणे बारीक होत गेले.

उपलला ते ऐकवेना. गोमिलने त्याला म्हटले होते, "एक होडीभर मासा आण. वर्षाचं धान्य घरी पोहोचवतो." कुणी जाळे टाकत नसल्याने रुपेरी मासा तेव्हा घोणडोहातच तेवढा खात्रीने मिळत होता. एका पहाटे धुक्याच्या आडोशाने उपल तिथे गेला आणि त्याने जाळे टाकले.

ओढताना जाळे जड लागले. मासा भरपूर होता. त्याच्या मधोमध शिंशुमाराचे एक पिलू होते. श्वास घ्यायला वर येता न आल्याने ते बुडून मेले होते. उपलने पिलू सोडवले, पाण्यात ठेवले, आणि मासा तिथेच टाकून तो घरी पळाला.

उन्हे वर आली तेव्हा कोळीवाड्याने ते पाहिले. पिलाची आई त्याला तोंडावर तोलून घाटासमोरून चालली होती. ते घसरून बुडू लागले की ती खाली जाई आणि पुन्हा त्याला वर उचली, जणू त्याला श्वास घ्यायला लावत होती. दुसऱ्या दिवशीही ती दिसली. त्यानंतरही दिसत राहिली. सुतीर होडीतून तिच्यासोबत राहिला. त्याने तिच्यापुढे मासे टाकले, पण तिने त्यांना तोंड लावले नाही. घाटावर सामा मुलीला छातीशी धरून उभी होती. ती कुणाशी बोलत नव्हती, घरीही जात नव्हती.

शेवटी पिलाच्या देहाचे काही उरले नाही, तेव्हा आईने त्याला सोडले. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

राजाच्या ध्वजावर शिंशुमाराचे चित्र होते. ही वार्ता कळताच तो संतापून कोळीवाड्यात आला. उपलने काहीच लपवले नाही. त्याचा उजवा हात तोडण्याची आज्ञा झाली.

सुतीर हात जोडून पुढे आला. "महाराज, जाळं माझ्या भावानं टाकलं, हे खरं. पण डोहातले शिंशुमार त्याआधीच उपाशी मरत होते. त्यांचा मासा आपल्या पंगतीत होता, गोमिल शेटच्या रांजणांत होता, आमच्या कौलांत होता. हात तोडायचाच, तर कुणाकुणाचा तोडणार?"

राजा नदीकडे वळला. "मग सगळी जाळी जाळतो," तो म्हणाला. "या नदीत यापुढे कुणी मासा धरणार नाही."

"तसं करू नका महाराज. मग इथल्या चुली विझतील. भुकेलेला माणूस चोरून जाळं टाकतो, हे आपण आज पाहतोच आहोत. पहिला लोंढा सोडा, अर्धी नदी उघडी ठेवा, डोह राखा. उरलेल्यात माणसांना जगू द्या. तेवढा हंगाम राजाच्या कोठारातून आम्हांला धान्य मिळू द्या, आणि राजवाड्यातल्या पंगती थांबवा."

राजाने ते मान्य केले. उपलचा हात वाचला, आणि डोहाची राखण त्याने स्वतःकडे घेतली. कोठारातले धान्य आले, सामाची मुलगी जगली. गोमिलची गलबते दुसऱ्या नदीकडे वळली. काही वर्षांनी रुपेरी मासा पुन्हा दाटीने वर येऊ लागला आणि कोळीवाड्याला पुरू लागला.

शिंशुमार मात्र वाढले नाहीत. जे उरले होते ते म्हातारे होते. त्यांना पुन्हा पिले झाली नाहीत. एकेक करून ते गेले. शेवटी एकच उरला. तो डोहात एकटाच वर येई, आणि सुतीर काठावर बसून त्याचा श्वास ऐके. मग तोही ऐकू येईनासा झाला.

तरी उपलने डोहाची राखण सोडली नाही. एकदा कोळ्यांनी त्याला म्हटले, "आता तिथं कोण आहे? डोह मोकळा कर."

उपल म्हणाला, "खाली समुद्राकडे एखादा असेल. तो आला, तर त्याला जागा नको?"

सुतीर म्हातारा होऊन वारला, उपलही वारला. दोघांच्या हयातीत एकही आला नाही. डोह मात्र जाळ्यावाचून राहिला.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा एका नदीकाठच्या विहारात सांगितली. ऐकणाऱ्यांत वासुला नावाची भिक्खुणी होती. घर सोडण्यापूर्वी तिचे मूल पुरात बुडाले होते, आणि लोकांनी हातांतून काढून घेईपर्यंत तिने त्याला खाली ठेवले नव्हते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या काळचा राजा दृढसेन म्हणजे या विहाराला भूमी देणारा गृहपती सोणक. उपल म्हणजे विहाराच्या दाराशी राखण करणारा भिक्खू वप्पिय. सामा म्हणजे त्याची बहीण, उपासिका खेमिला. नायक सुतीर मीच होतो."

मग ते थोडे थांबले आणि वासुलाकडे वळून म्हणाले, "आणि मुली, घाटासमोरून पिलू वाहून नेणारी ती आई तू होतीस. त्या वेळी मी तुझ्यासोबत होडी चालवली. त्याहून अधिक मला काही करता आले नाही."

वासुलाने चीवराच्या टोकाने तोंड झाकले. ज्याला वाचवता आले नाही त्याचीही सोबत न सोडणे, आणि ज्याने अपराध केला त्यालाही जगू देणे, ही करुणा होय.