अर्धा चमचा साखर

नाशकातली ती इमारत नवीकोरी होती, पण भिंती अशा की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून लोक आपला गॅस बंद करत.

आज बिल्डर फडतरे स्वतः सेक्रेटरी टिपणिसांच्या हॉलमध्ये येऊन बसले होते. 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर टिपणिसांची सही झाली की विषय कायमचा मिटणार होता.

"ऐकू येतं म्हणे! सगळे तुमच्या मनाचे खेळ," फडतरे गरजले. "आवाज अडवणारी भिंत आहे ही. पलीकडे ढोल बडवा, इकडे ऐकू आला तर सगळ्या भिंती पुन्हा बांधून देईन!"

टिपणिसांनी पेन उघडलं. तेवढ्यात शेजारच्या बेलसरेकाकू उठल्या. "चालू द्या तुमचं, मी चहाचं बघते," म्हणत दार ओढून निघून गेल्या. टिपणीस चडफडले. यांना आत्ताच चहा सुचावा!

फडतरे भिंतीचे गुण गाऊ लागले. पाच मिनिटांनी काकूंचा आवाज आला, "साहेब, साखर किती?"

"अर्धा चमचाच! शुगर आहे मला," फडतरे बोलण्याच्या ओघात म्हणाले.

टिपणिसांनी वळून आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. पेनाला टोपण लावून ते हात जोडून उभेच राहिले, कारण भिंतीपलीकडच्या आपल्या घरातून काकू ट्रे घेऊन येत होत्या.

फडतऱ्यांची नजर ट्रेवरून भिंतीकडे गेली आणि तिथेच खिळली.

"घ्या साहेब, अर्धाच चमचा घातलाय," काकू शांतपणे म्हणाल्या. "घरात ढोल नव्हता, म्हणून साखरेचंच विचारलं."