टिपक्याला बघायला आले

माणसांना अजून कुत्र्यांचं बोलणं कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या अनाथ प्राण्यांच्या आश्रमात चंपाकाकू नावाची तीन पायांची म्हातारी कुत्री राहायची. पिल्लू कुणाच्या घरी द्यायचं, यात शेवटचा शब्द तिचाच.

एकदा सरपोतदार नवराबायको टिपक्या नावाच्या पिल्लाला बघायला आले.

"रंगानं जरा सावळाच आहे," बाई नाक मुरडत म्हणाल्या. "जात कुठली?"

"गावठी."

"काय काय येतं?"

"चपला उत्तम चावतो," काकू कौतुकानं म्हणाली. टिपक्या लाजून स्वतःच्याच शेपटीवर बसला. "आता मुलाकडचे प्रश्न. तुमचा आधीचा कुत्रा कुठाय?"

"ब्रुनो होय?" सरपोतदार म्हणाले. "नवा सोफा आला, म्हणून त्याला हायवेवरच्या धाब्यापाशी सोडला. मजेत असेल."

"मलाही तिथंच सोडलं होतं. इतकी मजा आली, की एक पाय तिथंच राहिला."

"अरेरे! मग, होकार समजायचा ना?"

"जुन्या सोफ्याच्या गाद्या तेवढ्या इथं पाठवा, आमच्या म्हाताऱ्यांना थंडी वाजते," काकू गोड आवाजात म्हणाली. "मुलाचं मात्र जमायचं नाही. पत्रिका जुळत नाही. तुमचे छत्तीसच्या छत्तीस गुण त्या सोफ्याशी जुळलेत."