भ्यायचा धोंडा

हा बसका, पाठीकडून जरा उतरता, बसून बसून गुळगुळीत झालेला काळा दगड दिसतोय ना, हाच तो. पाया पडू नका हो, देव नाही तो. त्याला शेंदूर नाही, हळद नाही, नारळ नाही. मागं एका पाहुण्यानं भक्तिभावानं उदबत्ती लावली होती, तर आमच्या माणसांनी ती पायाखाली विझवली आणि त्याला बोल बोल बोलले. वास खाली जातो ना! खाली काय आहे ते ऐकू येतंय का? जरा गप्प बसा म्हणजे येईल. ती घरघर पाण्याची नव्हे. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लोंबतायत, सुपाएवढाली, आणि त्यांच्या बरोबर खाली आमचं पाण्याचं टाकं आहे.

ह्या दगडाला वाडीत भ्यायचा धोंडा म्हणतात. टाक्यावर उतरायचं तर आधी इथं बसायचं आणि भ्यायचं. हसा, हसा. आधी सगळेच हसतात. मी नवी नवरी होऊन इथं आले तेव्हा मीही हसले होते, मग खाली वाकून बघितलं नि माझी पाचावर धारण बसली. उतरायची घाई नाही आपल्याला. ही रीत कशी पडली ते आधी ऐकून घ्या. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तेव्हा कमीजास्त असेल ते त्यांचं, माझं नव्हे.

फार मागं, म्हणे, वाडीत साळू नावाची एक सून होती. भित्री. किती भित्री, तर पालीला भ्यायची, ढग गडगडले की कणगीमागं जाऊन बसायची, नवरा जरा मोठ्यानं खोकला तरी दचकायची. बायका मुद्दाम मागून येऊन तिच्या कानाशी ओरडायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. एक सासू मात्र तिला कधी हसली नाही. लाडाबाई तिचं नाव, वाडीची सुईण. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, साळूही तिला तसंच म्हणायची. लाडाबाईला दोन मुलगे. थोरला मल्हारी, त्याचं लग्न व्हायचं होतं. धाकटा विठोजी, हा साळूचा नवरा.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. माघातच विहीर आटली, ओढ्यात नुसते गोटे उरले. विठोजी वाडीतली सगळी गुरं घेऊन घाटाखाली चाऱ्याला गेला. वर पाणी राहिलं ते एवढंच, ह्या टाक्यातलं. ते कातळातून पाझरतं, आटत नाही. पण तहान काय माणसालाच लागते? एरवी पलीकडच्या दरीत असणारी मोहोळं त्या साली सगळी इकडं आली आणि पाण्याच्या डोक्यावरच कड्याला लागली, ती इथलीच झाली. दोघातिघांना माश्यांनी फोडून काढल्यावर लोकांनी टाक्याची वाट सोडली.

मग मल्हारी पुढं झाला. मध काढणारे धूर करतात हे त्यानं पाहिलं होतं. गवताच्या पेंढीत हिरवा पाला घालून त्यानं ती काठीला बांधली आणि भर दुपारी कड्याखाली धरली. दुपारी इथं वारा दरीतून वर चढतो, ते बिचाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही. धूर उलटला, त्याच्याच डोळ्यांत गेला, आणि मोहोळ उठलं. पुढचं मी रंगवून सांगत नाही, मला आवडत नाही. अंगाची आग सोसेना म्हणून त्यानं उडी टाकली असं सांगतात. कुणी म्हणतं, पाय सुटला. लाडाबाईनं अंथरूण धरलं ते त्याच दिवशी.

आता तुम्ही विचाराल, रात्री का नाही गेले पाण्याला? गेल्या साली एका शहाण्यानं विचारलंच होतं. त्याला म्हटलं, बाबा, ही वाट दिवसा बघ. पाऊल ठेवायला खाच आहे तेवढीच. दिवा घेऊन जावं तर माश्या दिव्यावर येतात. अंधारात जावं तर सरळ दरीत. 

वाडीत तेव्हा बाबाजी पाटलाचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं लाडाबाईच्या अंगणात बैठक बोलावली आणि ठरवलं, की वाडी सोडायची, घाट उतरून नदीकाठी जायचं. पण घाट म्हणजे काय, हात टेकून उतरायची नाळ. प्रत्येकाच्या कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. लाडाबाईला उचलून न्यायची कुणी? सगळे माना खाली घालून बसले, तेव्हा आतून लाडाबाईच बोलली, "मला ठेवा इथंच. मी पिकलं पान. मला कसली आलीय भीती?"

तिनंच सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. लोक हात जोडून उठले. आणि खरं सांगते, साळूलाही सुटल्यासारखंच झालं. हे तिनं स्वतः पुढं आपल्या सुनेला सांगितलं म्हणे, लपवलं नाही. रिकाम्या वाडीत एका मरणाऱ्या बाईजवळ राहायचं ह्या नुसत्या कल्पनेनंच तिला घाम फुटला होता. तिनं आपलं गाठोडं बांधलं. सासूच्या उशाशी पाणी भरून ठेवावं म्हणून मडकं कलतं केलं, तर आत ओंजळभरसुद्धा नव्हतं. तशी तिला स्वतःची शरम वाटली. एवढ्याशा पाण्यावर टाकून जायचं? आणि जी आपल्याला एकदाही हसली नाही तिला? पण तरी राहायचं धाडस काही होईना. तिनं मनाशी तोड काढली, की एक कळशी आणून ठेवायची आणि मग सगळ्यांबरोबर निघायचं. झटकन जायचं, झटकन यायचं.

हे झटकनच नडलं. साळू डोळे मिटल्यासारखी धावत सुटली. छाती धडधडतेय, अंग घामानं निथळतंय, हातातल्या बांगड्या वाजतायत. पाण्याशी पोचली आणि कळशी कातळावर आपटली. तांब्याची कळशी, ठण्णकन आवाज झाला. डोक्यावरची घरघर एकदम बदलली. साळूनं वर पाहिलं नाही. कळशी टाकून जी पळाली ती थेट वाडीत, आणि तिच्या मागून माश्या वाडीत. पोरं रडायला लागली, म्हाताऱ्यांची तोंडं सुजली. बाबाजी पाटील घोंगडं पांघरून ओरडत होता, "एकाचा जीव गेला तेवढ्यानं भागलं नाही का गं तुझं? आता टाक्याकडं कुणी फिरकलं तर माझ्याशी गाठ आहे! उद्या सकाळी निघायचं, सगळ्यांनी!"

घरात लाडाबाई पडल्या पडल्या साळूच्या तोंडावरचे काटे नखानं काढत होती.  "आत्याबाई, मी मेली भित्री," ती म्हणाली, "माझ्यानं एवढंसुद्धा झालं नाही."

लाडाबाईनं आणखी एक काटा उपटला. मग म्हणाली, "अगं, इतक्या बाळंतिणी केल्या मी. पहिलटकरीण भ्याली की बायका तिला म्हणतात, भिऊ नको, भिऊ नको. ती बिचारी दात खाऊन भीती आत कोंडते, अंग आवळून धरते, आणि मूल अडतं. मी तसं म्हणत नाही. मी सांगते, भी बाई, पोटभर भी, मी बसलेय इथं. भिऊन भिऊन ती दमते, अंग सैल सोडते, आणि मग मूल सरकतं. तू भीती घेऊन धावलीस गं. ती आधी बसून संपवायची होतीस."

दुसऱ्या सकाळी लोक बोचकी बांधत होते. साळूनं आपलं गाठोडं दाराशी तसंच सोडलं. डोक्याच्या तेलाचा वास जावा म्हणून केसांत कोरडी माती चोळली. नवरा जिवंत, तेव्हा बांगड्या उतरवायच्या नव्हत्या. त्या वर सारून त्यांच्यावर फडकं गुंडाळलं. कळशी तर गेलीच होती, म्हणून वाळका भोपळा घेतला, तो कुठं लागला तरी वाजत नाही. आणि कड्याच्या ह्या टोकाला येऊन ह्या दगडावर बसली.

बसली आणि भ्यायला लागली. रोज मागं ढकलायची ते सगळं तिनं पुढं येऊ दिलं. मल्हारीची किंकाळी आली. कडा आला. नवरा परत आलाच नाही तर, हे आलं. रिकाम्या घरात पडलेली आत्याबाई आली. तिचे दात वाजायला लागले, ती गदगदा हलत होती, हुंदके देत होती. लांबून बघणारे म्हणाले, लागलं हिला वेड. बाबाजी पाटील तिला ओढून आणायला निघाला होता, पण इतक्या जवळ येऊन आवाज करायची त्याची छाती झाली नाही. सगळे तिथंच खिळून उभे राहिले. साळू किती वेळ बसली कुणी मोजलं नाही. ऊन अंगावर आलं तेव्हा कुठं तिचं हलणं थांबलं. भीती गेली नव्हती म्हणे. पण जेवढी होती तेवढी सगळी समोर येऊन बसली होती, मागून अचानक ओरडायला आता काही उरलं नव्हतं.

मग ती उठली आणि चालत खाली उतरली.

पहिली माशी मनगटावर बसली. साळू थांबली. माशी चालत कोपरापर्यंत गेली आणि उडाली. दुसरी गालावर बसली, कालच्या सुजेवरच. मग किती आल्या त्याला गणती नाही. पापणीवर, ओठावर, मानेवर. वर सगळे बघत उभे होते. पाटलाच्या बायकोनं पदर तोंडात कोंबला होता, ओरडू नये म्हणून. एक हात झटकला असता तरी सगळं संपलं असतं. साळू पावलापुढं पाऊल टाकत टाक्याशी गेली आणि खाली बसली.

तिथं तिनं जे पाहिलं ते ती मरेपर्यंत सांगत राहिली. टाक्याच्या काठाला माश्या ओळीनं बसून पाणी पीत होत्या. गुरं हाळावर पितात तशा, पुढच्या उठल्या की मागच्या येत होत्या. साळूच्या मनात आलं, अगं बाई, ह्याही पाण्यालाच आल्यात की. ज्यांनी मल्हारीचा जीव घेतला त्यांच्यावर तिला त्या घटकेला रागही धरता येईना. तिनं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली. काठ जरा मोकळा झाला तसा भोपळा तिरका करून पाण्यात सरकवला. तेव्हा आपण आत कुठंतरी त्या पाण्यासारखे स्थिर झालो होतो, असं ती म्हणायची. देव देव म्हणतात तो हाच असावा, एवढंच बोलायची, जास्त विचारलं की हसायची.

ती वर आली तेव्हा लोकांनी वाट दिली. ती कुणाकडं न बघता घरात गेली. लाडाबाईचं डोकं मांडीवर घेऊन तिनं घोटघोट पाणी पाजलं आणि म्हणाली, "आत्याबाई, मी जात नाही. मी इथंच आहे."

आणि लाडाबाई, जिनं सगळ्या वाडीला भीती नाही म्हणून सांगितलं होतं, ती म्हातारी लहान पोरीसारखी रडायला लागली. "खोटं बोलले गं मी," ती म्हणाली, "मला फार भीती वाटत होती. तुम्ही सगळे जाल, अंधार पडेल, आणि मी हाक मारली तरी कुणी येणार नाही. मल्हारीचं नाव घेत एकटीच मरेन म्हणून रात्रभर भ्याले मी, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती!"

साळू 'भिऊ नका' म्हणाली नाही. तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "भ्या, आत्याबाई. मी बसलेय."

म्हातारीचं रडणं संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. बाबाजी पाटील दाराबाहेर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. काल म्हातारीच्या 'कसली भीती'वर विश्वास ठेवून आपण किती लगेच उठलो, हे त्याला कळलं आणि त्याची मान वर होईना. अंगणात येऊन त्यानं आपल्या हातानं पहिलं बोचकं सोडलं. बाकीची मग सुटलीच. वाडी हलली नाही. साळूनं एकेका बाईला ह्या दगडाशी आणलं, बसवलं, शेजारी स्वतः बसली आणि मगच पाण्याला नेलं. लाडाबाई पुढचा पाऊस बघून गेली असं सांगतात. गेली तेव्हा तिचं डोकं साळूच्याच मांडीवर होतं.

आजही आम्ही टाक्याचं पाणी भोपळ्यातच आणतो, बायका बांगड्यांवर पदर गुंडाळतात. नळ आलाय वाडीत, तरी आणतो. ऑपरेशनला जायचं असलं, पोरगी सासरी निघाली, कुणाच्या पोराची परीक्षेच्या धास्तीनं अन्नावरची वासना उडाली, की माणसं आधी इथं येऊन बसतात. एकट्यानं यायचं नाही, कुणीतरी शेजारी हवं. आणि शेजारी बसणाऱ्यानं 'भिऊ नको' म्हणायचं नाही. ते इथं चालत नाही. फक्त बसून राहायचं, समोरच्याचं होईपर्यंत.

चला, सांगून झालं माझं. आता आधी कोण बसतंय? अहो ताई, तुम्ही. हात कशाला लपवताय पदराखाली? कापतायत ते दिसतंय मला, आणि ते ह्या माश्यांपायी नाही हेही कळतंय. काय आहे ते मी विचारणार नाही. ह्या बाकीच्यांना मी जरा लांब बसवते. या, टेका इथं. ऊन कलू दे, पाणी काही पळून जात नाही. मी बसलेय.