नावेचा दोरखंड

“वस्ताद, ह्याच्याहून जड दोरखंड कुठं मिळंल?”

इलाही वस्ताद तालमीच्या मागल्या पायरीवर बसून कुस्तीच्या हौद्यात टाकायची माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हा हलका पडतोय?”

“पडतोय.”

शिवदास खोत खोटं बोलत नव्हता. नदीवरची नाव बंद पडली तेव्हा तिचा मनगटाएवढा जाड दोरखंड त्यानं खांद्यावर टाकून आणला होता. तालमीमागच्या कडुलिंबाला त्याचा मधोमध वेढा घालायचा, दोन्ही टोकं दोन हातांत धरायची आणि जमिनीवर आपटत राहायचं. सुरुवातीला दोराची लाट अर्ध्या वाटेतच मरायची. आता एकामागून एक लाटा सळसळत जाऊन बुंध्यावर आदळत. झाडाची साल सोलून निघाली होती. शिवदाससारखी पाठ आणि तसे दंड पंचक्रोशीत कुणाचे नव्हते.

पण त्याला जोड नव्हती. सरावाला त्याच्याशी अंग भिडवायला कुणी तयार नव्हतं.

गेल्या सुगीच्या दिवसांत तालमीतल्या जयवंतानं लढताना त्याला दोनदा ‘सोड’ म्हटलं होतं. शिवदासनं पकड सोडली नाही. जयवंताचा खांदा निखळला, तो आवाज हौद्याबाहेर ऐकू गेला. तेव्हापासून शिवदास मातीत उतरला की बाकीचे एकेक करून अंग पुसायला लागत. कुणी भांडलं नाही. कुणी काही बोललंच नाही...

म्हणून तो मागं कडुलिंबाकडं जाऊ लागला. भिंतीपलीकडून शड्डूचे आवाज येत, हसणं येई. तो दोरखंड आणखी जोरानं आपटायचा, म्हणजे ते ऐकू येत नसे.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. झाडापाशी गेले, वेढा सोडवला, आपल्या कमरेमागून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

“मार.”

“वस्ताद, तुम्ही पडाल.”

“मार म्हणतोय.”

शिवदासनं टोकं उचलली. वस्तादांची मनगटं वाळून गेली होती. त्यानं हात जेमतेम हलवले. लाट निघाली आणि मध्येच विझली.

“पोचली न्हाई.”

त्यानं जोर लावला. लाट पोचली तसा म्हातारा मागं ढकलला गेला, पाय घसरला. शिवदास टोकं टाकून धावणार, तोच वस्ताद म्हणाले, “धरून ऱ्हा. पुन्हा.”

आता तो लाट बघत नव्हता, वस्तादांचे पाय बघत होता. किती द्यायचं, कुठं हात राखायचा... राखता राखता अंग पिळवटून निघालं. जरा वेळानं पलीकडून काहीतरी आलं. वस्ताद हलकेच दोर हलवत होते आणि त्यांची लाट त्याच्या तळहातांत येऊन थांबत होती. झाडानं कधी काही परत पाठवलं नव्हतं.

त्याचे दंड भरून आले. बोटं मिटून राहीनात. तो मटकन खाली बसला.

“जड झाला,” तो म्हणाला. “दोर तोच हाय, वस्ताद. मग...”

धापा टाकत वस्तादांनी वेढा जमिनीवर ठेवला.

भिंतीपलीकडं कुणीतरी कुणाला तरी मातीत पाडलं आणि दोघंही हसले.

“उद्या धराल?” शिवदासनं विचारलं.

“माझ्यानं रोज व्हायचं न्हाई.”

“मग बांधतो झाडाला.”

“नको. ऱ्हाऊ दे तसाच.”

“पलीकडं धरणार कोण, वस्ताद?”

वस्ताद पायरीकडं निघाले होते. मागं न वळताच म्हणाले,

“झाडाला बांधलेला दोर धरायला कोण येतंय, पोरा?”